पॅलेस्टाईनचा सातबारा

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दहा मिनिटांच्या आत जमिनीच्या दाव्यावर येऊन ठेपते. वृत्तवाहिनी असो, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असो की फेसबुक, गाडी त्याच रुळावर. एक जण ते प्रसिद्ध चार नकाशे टाकतो, ज्यांत १९४६ पासून आजपर्यंत हिरवा रंग आक्रसत गेलेला दिसतो. (हे नकाशेही पुरते प्रामाणिक नाहीत. पहिल्यात सरकारी आणि ओसाड जमीनही बिनदिक्कत हिरवी रंगवली आहे.) दुसरा लगेच विचारतो, पॅलेस्टाईन नावाचे राष्ट्र मुळात होते कधी? मग दावीद राजा येतो, इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलेले जेरुसलेमचे मंदिर येते, खलिफा उमर येतो, क्रूसेड येतात, चारशे वर्षांची तुर्की सत्ता येते. तलाठ्यापुढे सातबारा फडकवत भांडणाऱ्या भाऊबंदांसारखे दोन्ही पक्ष जुन्यात जुना फेरफार हुडकत बसतात. ज्याचा फेरफार जुना निघेल त्याला आजच्या प्रेतांचा हिशेब माफ, हे कोणी उघड बोलत नाही, पण धरून सगळेच चालतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मूळ मालक कोण या प्रश्नाने या संघर्षाची नैतिक बाजू उलगडत नाही, झाकली जाते. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामधला हा पट्टा आपल्या कोकण विभागापेक्षाही लहान आहे. त्यात आज साधारण सत्तर लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी राहतात. यांतले कोणीही कुठे जाणार नाही. जायला जागाही नाही. तेव्हा विचारायचे ते हे, की या माणसांवर राज्य कोण करते, कोणत्या कायद्याने करते आणि शेजारी राहणाऱ्या दोघांना तो कायदा वेगवेगळा का आहे. असा विचार करू लागलो की जॉर्डनकाठच्या वेस्ट बँकेवरचा आणि गाझावरचा १९६७ पासूनचा इस्रायलचा लष्करी कब्जा, ७ ऑक्टोबर २०२३ चे हत्याकांड आणि त्यानंतरचा गाझाचा विध्वंस, यांपैकी कशाचेच समर्थन करता येत नाही. मात्र म्हणून दोष निम्मा-निम्मा वाटून मोकळे होता येते असेही नाही. त्या सगळ्या पट्ट्यावर ज्याची हुकमत चालते, परिस्थिती बदलण्याची ताकद त्याच्याच हातात जास्त असते, आणि जाबही त्यालाच जास्त द्यावा लागतो.

मूळ मालकीचा युक्तिवाद किती निसरडा आहे ते पाहायला लांब जायला नको. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा आहे. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे पडली. कोकणात त्यांना कोणी छळले नाही, त्यांची प्रार्थनास्थळे कोणी जाळली नाहीत. १९४८ च्या सुमारास वीसेक हजारांच्या घरात असलेल्या या समाजातले बहुतेक लोक पुढच्या काही दशकांत इस्रायलला गेले आणि दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद अशा शहरांत वसले. तिथे काय झाले? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढले की बेने इस्रायल वधूवरांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासाव्यात. दोन हजार वर्षे कोकणात शब्बाथ पाळलेल्या माणसांना ‘तुम्ही खरेच ज्यू का’ असे विचारले गेले. ते जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसले. १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि रब्बींना माघार घ्यावी लागली.

रक्ताच्या वारशावर हक्क उभा केला की तो वारसा तपासणारा कोणीतरी लागतोच, आणि तो आज ना उद्या आपल्याही दारात येतो. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूलाही टोचायला हवी. ‘आलात तिकडे परत जा, युरोपात’ ही घोषणा दिमोनात जन्मलेल्या, मराठी आजीच्या हाताखाली वाढलेल्या नातवाला ऐकवून काय साधणार आहे? इस्रायली ज्यूंतल्या मोठ्या हिश्श्याचे आजी-आजोबा बगदाद, साना, कॅसाब्लांका, तेहरान इथून आले आहेत. १९४८ नंतरच्या काही दशकांत अरब देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले, कित्येक जण मालमत्ता मागे टाकून. त्यांना युरोपचे वसाहतवादी म्हणणे म्हणजे इतिहासाचे पुस्तक उलटे धरून वाचणे होय. आणि तरीही, १९५० च्या परतीच्या कायद्याने पेणच्या ज्यूला विमानातून उतरताच नागरिकत्व मिळते आणि जाफात जन्मलेल्या, तिथून शंभर किलोमीटरच्या आत गाझाच्या छावणीत म्हातारी झालेल्या बाईला आपल्या घराचा दरवाजा पाहायलाही जाता येत नाही, यात न्याय कुठे आहे? १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले, चारशेहून जास्त गावे ओस पडली किंवा पाडली गेली. गाझातल्या लोकसंख्येत दोन तृतीयांशाहून अधिक लोक म्हणजे ते निर्वासित आणि त्यांची मुलेनातवंडे आहेत.

आपल्याकडे या वादात आणखी एक मौज चालते. पॅलेस्टाईनच्या बाजूचे गांधीजींना पुढे करतात, इस्रायलच्या बाजूचे सावरकरांना. जसे इंग्लंड इंग्रजांचे तसे पॅलेस्टाईन अरबांचे, असे गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले हे खरे. पण त्याच लेखात त्यांनी जर्मनीतल्या ज्यूंना हिटलरपुढे सत्याग्रह करण्याचा सल्ला दिला होता. देशभर सिनेगॉग जाळली गेली त्या नोव्हेंबरच्या रात्रीला तेव्हा तीन आठवडेही उलटले नव्हते. जेरुसलेमला स्थायिक झालेले तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी त्यांना कळवळून जाहीर पत्र लिहिले. गंमत अशी की बुबर स्वतः ज्यू आणि अरब यांच्या एकत्रित राज्याचे पुरस्कर्ते होते, म्हणजे आजच्या इस्रायली राजकारणात त्यांना देशद्रोही ठरवायला वेळ लागला नसता. सावरकरांनी १९४७ च्या डिसेंबरात ज्यू राष्ट्राचे स्वागत केले आणि भारताने संयुक्त राष्ट्रांत फाळणीविरुद्ध दिलेल्या मतावर टीका केली, हेही खरे. २९ नोव्हेंबर १९४७ च्या त्या मतदानात ३३ देश बाजूने आणि १३ विरोधात होते. विरोधकांत भारत होता. आपल्या प्रतिनिधीने दोन स्वायत्त घटकांच्या संघराज्याची योजना सुचवली होती. स्वतःच्या घरात नुकतीच फाळणी पत्करलेल्या सरकारने तिकडे फाळणी नको म्हणावे, यात विसंगती आहे की अनुभवाचे शहाणपण, यावर वाद घालता येईल. पण १९३८ किंवा १९४७ मधले कोणाचेही वाक्य आजचा निकाल देऊ शकत नाही. थोरांच्या नावाची पावती फाडली की आपण विचार केला, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे.

आता इस्रायलच्या बाजूचा सर्वात बळकट मुद्दा घेऊ. तो इतिहासाचा नाही, भीतीचा आहे, आणि ती भीती खोटी नाही. होलोकॉस्टमध्ये साठ लाख ज्यू मारले गेले, ते तीन वर्षांपूर्वीचे वास्तव असताना हे राज्य जन्मले. हमासच्या १९८८ च्या सनदेत ज्यूंविषयीचा द्वेष शब्दाशब्दात भरला आहे. २००५ मध्ये पंतप्रधान शेरॉन यांच्या सरकारने गाझातल्या २१ ज्यू वसाहती उठवल्या, आठ हजारांच्या आसपास वसाहतवाल्यांना बाहेर काढले, सैन्य मागे घेतले. त्यानंतर काय मिळाले? २००६ मध्ये हमासने निवडणूक जिंकली, २००७ मध्ये बंदुकीच्या जोरावर गाझा ताब्यात घेतला आणि हद्दीलगतच्या स्देरोत या इस्रायली गावावर रॉकेटे पडत राहिली. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी देऊ केलेला पॅलेस्टिनी राज्याचा नकाशा पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी स्वीकारला नाही. ते अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते, आणि त्यानंतर पुन्हा अध्यक्षीय निवडणूक झालीच नाही. मग ७ ऑक्टोबर. सुमारे १,२०० माणसे मारली गेली, बहुतेक निःशस्त्र नागरिक; २५१ जणांना ओलीस नेले. जमीन सोडून शांतता मिळत नाही असे एखाद्या सामान्य इस्रायली माणसाला वाटले, तर त्याला मूर्ख किंवा दुष्ट ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुंबईने तर नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरचा हल्ला पाहिला आहे. २००८ च्या त्या हल्ल्यात ते केंद्र चालवणाऱ्या होल्ट्सबर्ग दांपत्याला आणि त्यांच्या पाहुण्यांना वेचून मारले गेले ते ज्यू म्हणूनच.

हे सगळे मान्य. तरी या युक्तिवादातली फट दिसल्याशिवाय राहत नाही. गाझातून माघार घेतली, पण कोणाशी बोलून नाही. शेरॉन यांचे सल्लागार डोव्ह वाइसग्लास यांनी २००४ मध्येच मुलाखतीत सांगून टाकले होते की या माघारीने राजकीय प्रक्रिया गोठवता येते. वाटाघाटी करणाऱ्या अब्बास यांच्या पदरात काही पडू दिले नाही, रॉकेटे सोडणाऱ्या हमासला मात्र ‘आम्ही लढून मिळवले’ असे मिरवता आले. गाझाचे आकाश, समुद्र, बहुतेक हद्द, एवढेच काय जन्ममृत्यूची नोंदवहीसुद्धा इस्रायलच्या हाती राहिली. पुढे कतारचा पैसा सुटकेस भरभरून गाझात जाऊ देणारे सरकार नेतान्याहूंचेच होते. आणि वेस्ट बँकेत? इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात ऑस्लो करार झाला त्या १९९३ साली तिथे सुमारे एक लाख दहा हजार वसाहतवाले होते. आज पूर्व जेरुसलेम वगळूनही ती संख्या पाच लाखांच्या घरात आहे. या वसाहतींनी कोणते रॉकेट अडवले? सैन्याने टेकडीवर चौकी उभारली तर तिला संरक्षण म्हणता येईल. टेकडीवर बालवाडी, स्विमिंग पूल आणि द्राक्षमळा उभारला तर ते संरक्षण नव्हे, ती मालकी. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या ई-वन भागातल्या वसाहतीच्या योजनेची घोषणा करताना अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की याने पॅलेस्टिनी राज्याची कल्पनाच गाडली जाईल. ‘पलीकडे बोलायला कोणी नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने बोलण्यासारखे काही शिल्लक तरी ठेवायला हवे ना?

एकच शहर जवळून पाहू. वेस्ट बँकेतले हेब्रॉन. १९२९ मध्ये इथे अरब जमावाने ६७ ज्यूंची कत्तल केली. शेकडो ज्यूंना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवले. १९९४ च्या रमजानमध्ये बारूख गोल्डस्टीन नावाच्या वसाहतवाल्या डॉक्टरने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हल्लेखोर ज्यू, मेलेले मुसलमान. आणि बंद झाला तो मुसलमानांचा रस्ता. शुहदा स्ट्रीट हा जुन्या शहराचा मुख्य बाजाररस्ता टप्प्याटप्प्याने आणि दुसऱ्या इंतिफादानंतर, म्हणजे पॅलेस्टिनी उठावानंतर, जवळजवळ पूर्णच पॅलेस्टिनींना बंद करण्यात आला. तिथल्या दुकानांची शटरे वेल्डिंग करून टाकलेली आहेत. त्याच्या मागच्या गल्लीत जो बाजार कसाबसा चालतो, त्याच्यावर व्यापाऱ्यांनी लोखंडी जाळी ताणली आहे, कारण वरच्या मजल्यांवर राहणारे वसाहतवाले खाली कचरा फेकतात. जाळीवर बाटल्या, विटा, डायपर अडकून पडलेले असतात; पाण्याला आणि घाणीला मात्र जाळी अडवू शकत नाही. आता या गल्लीत पंधरा वर्षांच्या दोन मुलांनी एकमेकांवर दगड फेकले असे समजा. ज्यू मुलगा इस्रायलच्या नागरी कायद्याखाली बालन्यायालयापुढे जाईल, वकील आणि पालकांसह. पॅलेस्टिनी मुलगा लष्करी न्यायालयात. गुन्हा तोच, गल्ली तीच, वय तेच. दावीद राजाच्या काळात ही गल्ली कोणाची होती, याने या दोन मुलांमधला फरक न्याय्य ठरतो का? आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ च्या सल्लामतात हा कब्जा बेकायदा ठरवला. ते मत नसते तरी ही गल्ली पुरेशी होती.

‘इस्रायलमध्ये अरबांना मत आहे, अरब आमदार आहेत, न्यायाधीश आहेत’, असे उत्तर येते. आहेतच. इस्रायलच्या नागरिकांत पाचवा हिस्सा अरबांचा आहे आणि आसपासच्या कित्येक देशांतल्या अरबांपेक्षा त्यांना जास्त मोकळेपणाने बोलता येते. तेही १९६६ पर्यंत लष्करी अमलाखाली होते आणि २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क ज्यूंपुरताच राखून ठेवला, हे मात्र सांगायचे राहून जाते. पण ते सोडा. हैफातल्या अरबाला मत आहे म्हणून वेस्ट बँकेतल्या नाब्लुसच्या अरबाला ते नको, हा कुठला न्याय?

यानंतर हुकमी एक्का टाकला जातो: युद्ध म्हटले की सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि हे युद्ध हमासने सुरू केले. इथे मला मराठवाड्याची आठवण काढावीशी वाटते, कारण या प्रश्नावर आपली स्वतःची परीक्षा तिथे आहे. रझाकारांचे अत्याचार खरे होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा न्याय्य होता, निजामाचे राज्य संपवणेही. म्हणून १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो आणि पाळायलाच हवा. पण सप्टेंबर १९४८ च्या ‘पोलीस अ‍ॅक्शन’च्या काळात आणि त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत हजारो मुसलमान मारले गेले, ज्यांतल्या बहुतेकांनी कोणावर हात उचलला नव्हता. पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजारांचा अंदाज दिला. आकड्यावर वाद आहे, घटनेवर नाही. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. तो अहवाल सरकारने कित्येक दशके बाहेर येऊ दिला नाही. आता सांगा: रझाकारांनी सुरुवात केली, म्हणून त्या गावातल्या विणकराचा खून माफ होतो का? लढाई न्याय्य असणे ही एक गोष्ट आणि लढाईत काय केले ही दुसरी. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. पहिल्या खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही.

गाझाबाबत हाच हिशेब मांडू. हमासशी लढण्याचा हक्क इस्रायलला होता. हमास वस्तीत लपते, बोगदे घरांखालून नेते, हेही खरे. पण मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे गाझात अन्नाचा एकही ट्रक जाऊ दिला नाही, त्याचा बोगद्यांशी काय संबंध? ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा असलेल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने अधिकृतपणे जाहीर केले. हा दुष्काळ पावसाने दगा दिल्याने पडलेला नव्हता. ऑक्टोबर २०२५ ची शस्त्रसंधी झाली तोवर गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार ६७ हजारांहून अधिक माणसे मेली होती. हा आकडा लढवय्ये आणि नागरिक असा भेद करत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण मुलांचीच संख्या हजारोंनी मोजावी लागते, तेव्हा हा आक्षेप फार पुढे नेता येत नाही. ऑलिव्हच्या बागा, विद्यापीठे, पाण्याचे प्रकल्प, स्मशाने, यांतले काहीही सुटले नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू आणि त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर जी अटक वॉरंटे काढली, त्यांत उपासमारीचे हत्यार वापरल्याचा आरोप आहे. हमासच्या मोहम्मद देइफवरही त्याच दिवशी वॉरंट निघाले. ही जोडी दोन्ही बाजूंच्या समर्थकांना सारखीच खुपली, आणि मला त्या न्यायालयाबद्दल थोडा आदर वाटला तो त्यामुळेच.

इथवर वाचून पॅलेस्टाईनचे समर्थक म्हणतील, मग तराजू कशाला धरता? कब्जा करणारा आणि कब्जाखाली भरडला जाणारा यांना एका मापाने मोजणे हीच बदमाशी. युरोपने ज्यूंवर केलेल्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टिनींनी का घ्यावे? १९४७ मध्ये ज्यू लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास असताना त्यांच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी देणारी योजना अरबांनी का मान्य करावी? या प्रश्नांना माझ्याकडे तोडीचे उत्तर नाही, कारण ते प्रश्न योग्य आहेत. २०१८ मध्ये गाझाच्या कुंपणाशी बहुतांश निःशस्त्र मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्यावरही गोळ्या चालल्या. वाटाघाटी केल्या तर वसाहती वाढतात, मोर्चा काढला तर गोळी लागते, न्यायालयात गेले तर दहशतवादाचा आरोप होतो. मग माणसाने करायचे तरी काय?

करायचे काय हे पुण्यात बसून सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, याची मला कल्पना आहे. पण काय करू नये, हे सांगता येते. गाझाच्या हद्दीजवळच्या बेरी या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वस्तीत, ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्यांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून इस्रायली रुग्णालयांत पोचवणाऱ्या स्वयंसेवकांतल्या त्या एक. त्यांना मारून कोणता कब्जा हलला? ‘प्रतिकार’ म्हणून जे लोक त्या दिवसाचे समर्थन करतात, त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा अल्जीरिया असतो: पुरेसे रक्त सांडले की परका निघून जातो. १९६२ च्या आसपास आठ ते दहा लाख फ्रेंच तिथून खरोखरच निघून गेले. पण त्यांना जायला फ्रान्स होता. इस्रायली ज्यूंना फ्रान्स नाही. ज्याच्या पाठीमागे समुद्र आहे त्याला जितके घाबरवाल तितका तो अधिक निर्दय होईल, हे कळायला युद्धशास्त्र शिकावे लागत नाही. इतिहास तेच दाखवतो. १९९५ मध्ये ऑस्लो करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून एका ज्यू कडव्याने केला, आणि १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हमासने बसमध्ये बॉम्ब उडवून नेतान्याहूंचा विजय सोपा केला. दोन्हीकडच्या कडव्यांनी एकमेकांशी एकही बैठक न घेता जितके सुरेख सहकार्य केले, तेवढे मध्यममार्गीयांना तीस वर्षांत जमले नाही.

अल्जीरियाऐवजी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. १९५५ च्या तिथल्या स्वातंत्र्य सनदेने जाहीर केले की हा देश त्यात राहणाऱ्या सर्वांचा आहे, काळ्यांचा आणि गोऱ्यांचा. छळ शिगेला असताना, छळणाऱ्याच्या मुलांना उद्याच्या देशात जागा राखून ठेवलेली होती. अर्थात तुलना तंतोतंत बसत नाही: तिथे गोरे फार थोडे होते आणि काळ्यांच्या श्रमांवाचून त्यांचे पान हलत नव्हते, इथे संख्या बरोबरीची आहे. म्हणून मला उत्तर आयर्लंड अधिक जवळचे वाटते. तिथेही सतराव्या शतकात बाहेरून आणून वसवलेले प्रॉटेस्टंट आणि मूळचे कॅथलिक असा मूळ मालकीचा वाद होता. तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. १९९८ च्या करारात तो वाद कोणी सोडवला नाही, बाजूला ठेवला. कोणीही ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही असू शकतो असे मान्य केले, सत्तेत दोघांचा वाटा ठरवला आणि पुढचा निर्णय बहुमताच्या संमतीवर सोपवला. खुनी तुरुंगातून लवकर सुटले, मेलेल्यांच्या आईबापांना ते आजही सलते. हे समाधान गोड नव्हते, आजही नाही. पण बेलफास्टमध्ये सकाळी मुलाला शाळेत पाठवताना आईचा जीव तसा टांगणीला लागत नाही.

मग एक राज्य की दोन? मला स्वतःला दोन राज्ये, उघडी हद्द आणि जेरुसलेम दोघांचे, हा मार्ग कमी अवघड वाटतो. पाच लाख वसाहतवाल्यांमुळे तो अशक्य झाला, असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. पण मग त्यांनी एका राज्यात सर्वांना मत द्यायची तयारी ठेवावी. दोन राज्येही नकोत आणि समान मतही नको, ही तिसरी गोष्ट आज प्रत्यक्षात चालू आहे, आणि तिला सभ्य नाव सापडणे कठीण आहे.

‘सुदानवर का नाही बोलत, काश्मिरी पंडितांवर का नाही बोललात’ या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. बोलायला हवे होते, बोलायला हवे. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे हा न्याय उलटा फिरवून वापरला तरी न्याय होत नाही.

आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर वेस्ट बँकेतून इस्रायलमध्ये रोज कामाला जाणाऱ्या लाखावर पॅलेस्टिनींचे परवाने थांबवले गेले. बांधकामे अडली. ती जागा भरायला जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनौला भरती शिबिरे लागली; सेंटरिंगवाले, सळई बांधणारे, फरशी बसवणारे, प्लास्टर करणारे रांगेत उभे राहिले, कारण महिना सव्वा लाखाच्या वर पगार त्यांना इथे कोणी देणार नव्हते. त्या गवंड्याला दोष देणारा मी कोण? पण करार करणाऱ्या सरकारला विचारता येते. याच सरकारने १२ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दोन राज्यांच्या बाजूने मत दिले; बाजूने मत देणाऱ्या १४२ देशांत भारत होता. मग आपला कामगार कब्जातल्या वसाहतीच्या बांधकामावर पाठवला जाणार नाही, अशी अट करारात आहे का? ती मोडली तर तक्रार कोणाकडे करायची? ज्यांची रोजी गेली त्या नाब्लुसच्या गवंड्यांबद्दल आपल्या परराष्ट्र खात्याने काही म्हटले का? शस्त्रांची देवाणघेवाण चालू ठेवताना कोणत्या अटी घातल्या? ही उत्तरे दिल्लीकडून मागता येतात, आणि ती मागण्यासाठी आधी दोनपैकी कोणत्या झेंड्याखाली उभे राहायचे हे ठरवावे लागत नाही.